प्रदीर्घ म्हणजे किती?

"मॅडम, हे प्रदीर्घ म्हंजी किती वर्सं?" टेबलावरच्या मानपत्राच्या कच्च्या मजकुरावर बोट ठेवून कुसाबाईंनी विचारलं.

ओझरजवळच्या एका शाळेत रोहिणी क्लार्क. कुसाबाई तिथल्या शिपाई, शनिवारी निवृत्त होणाऱ्या. मानपत्राचं काम तिच्याकडे आलं होतं आणि हा शब्द तर तिने निव्वळ सवयीने टाइप केला होता. पुष्कळ वर्षांची सेवा, असं तिने सांगून टाकलं. कुसाबाई मान डोलावून पाण्याची टाकी बघायला गेल्या. प्रश्न मात्र रोहिणीपाशीच राहिला.

मधल्या सुट्टीत तिने शब्दकोश काढला. फार लांब, पुष्कळ काळ चाललेला. आकडा कुठेच नव्हता. मराठी शिकवणाऱ्या सुवर्णा मॅडम म्हणाल्या, दीर्घला 'प्र' लागला की तो आणखी लांबतो; आजाराला लावतात, भाषणाला लावतात, सेवेलाही लावतात. किती लांबल्यावर लावायचा, ते त्यांनाही सांगता येईना.

मुख्याध्यापकांना आकडा हवाच होता. सेवापुस्तकात नऊ वर्षं होती. नवाला प्रदीर्घ शोभत नाही, तो शब्द काढा, म्हणाले.

रोहिणीने कुसाबाईंना गाठलं आणि त्या शाळेत नेमक्या कधी आल्या ते विचारलं.

"संतोष पोटात व्हता तव्हा. आता त्यो एकतिशीला आला." त्या जरा थांबल्या. "पयली बावीस वर्सं रोजंदारीवर व्हते. ती कोणी धरत नाय."

रोहिणीने जुनं कपाट उघडलं. पिवळ्या पडलेल्या हजेरीपटांत सगळ्या गुरुजींच्या खाली, शेवटच्या ओळीत, पेन्सिलीने एकच नाव होतं. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षं. तिने तो गठ्ठा मुख्याध्यापकांसमोर ठेवला. त्यांनी बराच वेळ पानं चाळली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तिने मानपत्रात एकतीस लिहिलं आणि शब्द तसाच ठेवला.

शनिवारी मानपत्र वाचता वाचता मुख्याध्यापक त्या ओळीपाशी अडले. चष्म्यावरून त्यांनी रोहिणीकडे पाहिलं. तिने नजर खाली वळवली नाही. मग त्यांनी सावकाश वाचलं, "एकतीस वर्षांची प्रदीर्घ सेवा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावरच्या खुर्चीत अवघडून बसलेल्या कुसाबाईंनी पदर सारखा केला, उठल्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत ताठ उभ्या राहिल्या.