धोंडीबाचं पाकीट

दत्तोबाने आयुष्यात फक्त पाऊस नशिबावर सोडला होता. बाकी सगळं तो फोनवर जुळवायचा. सोसायटीचा चेअरमनही तो तसाच झाला होता.

धाकट्या भावाचा, धोंडीबाचा, फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा बारामतीच्या एका दवाखान्यात औषधांची चाचणी चालू होती. काही रोग्यांना एक औषध, काहींना जोडीला दुसरंही.

"कुणाला काय, ते ज्याच्या-त्याच्या वाट्याचं बंद पाकीट फोडल्यावरच ठरतं, चिठ्ठी काढल्यासारखं," डॉक्टर मेघना म्हणाल्या. "दोन बरी की एक, हेच तर शोधायचंय."

"त्यात काय शोधायचं, मॅडम? एका बैलापरीस दोन बरं, हे शेंबडं पोर बी सांगंल."

"दोन झेपतीलच असं नाही."

दत्तोबाने दवाखान्याच्या विश्वस्तांना फोन लावला. धोंडीबाच्या पाकिटात एकच औषध निघालं होतं. ते पाकीट पुन्हा चिकटवून पुढच्या रोग्याला दिलं, आणि त्याचं दोनवालं धोंडीबाला. पुढचा रोगी म्हणजे गावातलाच पंक्चरवाला खाजा. त्याच्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या डोसानंतर धोंडीबाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या. तोंडभर फोड आले, ताप चढला तो उतरलाच नाही. डॉक्टर मेघनांनी दत्तोबाला बाजूला घेतलं.

"कॅन्सरनं नाही गेले ते. औषधानं गेले."

दत्तोबाने मान डोलावली आणि गावात येऊन सांगितलं, "दोन-दोन औषधं चालू हुती. आपून कसर ठिवली न्हाय."

"भाऊ असावा तर असा," लोक म्हणाले. "दोन दिऊन बी गेला, म्हंजी आजारच दांडगा."

खाजा मात्र एका औषधावर दुकानात बसू लागला. खोकायचा, पण ट्यूब घासायचा. दहाव्याला माणसं जमली असताना त्याची बायको गौहर ओट्याशी येऊन उभी राहिली.

"दत्तोबाभाऊ, आमच्या ह्यांना एकच देत्यात. तुमच्या शबदाला वजन हाय. त्यांना बी दुसरं चालू करायला लावा की."

सगळे दत्तोबाच्या तोंडाकडे बघू लागले. एका वाक्यात खाजा वाचला असता. पण मग धोंडीबाला कुणी मारलं, हे पुढचं वाक्य लोकांनीच केलं असतं.

"गरिबाला एकच व्हय?" दत्तोबा म्हणाला. "थांब, ताई."

आणि तो आत फोनकडे गेला.