तळघरात गेलेली गल्ली

मित्रांनो, तुमच्या पायांखाली एक जुनी गल्ली राहते, ती मी. दचकू नका. मला चावता येत नाही, नुसते बोलता येते, तेही ऐकणारा भेटला तर.

एके काळी माझ्यावर ऊन पडायचे. पाथरवटांनी माझ्या अंगावर काळे दगड बसवले आणि मग दोन्ही बाजूंना दुकाने आली: टोपीवाला, कुलूपवाला, पाववाला. माझा तोरा काय सांगू! पण शेजारची नदी दरवर्षी न बोलावता पाहुणी यायची आणि दुकानदारांच्या नाकी नऊ आणायची. शेवटी माझ्यावर कमानी बांधून वर नवा रस्ता घातला. पहिल्या मजल्याच्या खिडक्या फोडून त्यांची दारे केली. कितीतरी दिवस लोक सवयीने जिना उतरून माझ्याकडे यायचे, आणि डोक्यावर आकाश नाही हे पाहून ओशाळून परत जायचे.

हळूहळू सगळे वर गेले. पाववाला तेवढा राहिला, कारण त्याची विटांची भट्टी काही वर नेता येईना. शिवाय माझ्याकडे उन्हाळा काय नि हिवाळा काय, हवा सारखीच. मळलेल्या पिठाचे ट्रे माझ्या दगडांवर मांडायचे आणि ओल्या फडक्याखाली पीठ फुगू द्यायचे, अशी त्या घराची रीतच पडली. वरचे लोक पावाची तारीफ करतात, माझे नाव कुणी काढत नाही. खाल्ल्या मिठाला जागणारे कमीच, दुसरे काय!

पुढे त्याच पाववाल्याच्या घरातले दोघे भाऊ भट्टी चालवायचे. थोरला मळायचा, धाकटा भाजायचा आणि दोघे असे भांडायचे की माझी छान करमणूक व्हायची. मग थोरला आजारपणात गेला. त्याच्या बायकोने, म्हणजे धाकट्याच्या वहिनीने, कंबर कसली आणि मळणे-भाजणे दोन्ही अंगावर घेतले. धाकटा मात्र वरच्या खोलीत बसून राहिला, तो जिना उतरेना. पुढे त्याच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा त्याने नगरपालिकेत तक्रार केली, की खालची पोकळ जागा काँक्रीटने भरून टाका.

मी फार घाबरले, मित्रांनो. मला भरले असते तर माझ्याबरोबर भट्टीही गेली असती, आणि वहिनीचे पोट त्या भट्टीवरच होते.

इंजिनीअरबाई पाहणीला आल्या. "खांब दिले तरी भागेल," त्या म्हणाल्या. "पण खांबांचं सामान जिन्यात मावणार नाही, वरच्या खोलीची फरशी काढून तिथून उतरवावं लागेल. तुमचे दीर नाही म्हणाले, तर भरण्याशिवाय इलाज नाही."

वहिनी जिना चढून दिराच्या दाराशी गेली. जिना माझ्यातच उतरतो, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"भाऊजी, एकदा खाली या. मग हवं ते करा."

"मला नाही जमायचं, वहिनी. दादा नाही ना तिथं."

वहिनीने हाताचे पीठ पदराला पुसले. मग म्हणाली, "मला तरी कुठे जमतं? रोज उतरताना वाटतं, हे खाली पीठ मळत असतील. आज दोघं उतरू."

भिंत चाचपत तो तिच्या मागोमाग आला. भट्टीकडे त्याने पाहिलेच नाही. माझ्यावर मांडलेल्या ट्रेपाशी उकिडवा बसला, फडके उचलले आणि पिठात बोट दाबून पाहिले. बोटाचा खड्डा हळूहळू भरून आला.

"वहिनी, हे तर तयार आहे! भट्टीत का नाही घातलं अजून?"

"भाजणारा वर बसलाय ना," ती म्हणाली.

त्याने डोळे पुसले. मग बाह्या वर सारल्या आणि इंजिनीअरबाईंना म्हणाला, "सामान माझ्या खोलीतून उतरवा. पलंग मी हलवतो."

आता माझ्या अंगावर नवे खांब आहेत. दीर-वहिनी पावात मीठ किती घालायचे यावरून भांडतात, आणि मी सुखाने ऐकते. मित्रांनो, जुनी जागा कुणी बुजवायला निघाले, तर त्याच्यावर लगेच रागावू नका. तिथे त्याचे कोण होते, ते आधी विचारा, आणि मग त्याच्याबरोबर जिना उतरा.