तो आवाज माझा नव्हता

मित्रांनो, मी एका निळ्या गाडीच्या पोटाखालचा जुना लोखंडी दांडा आहे. तुम्ही गाडीच्या काचा पुसता, चाकं धुता, पण वाकून माझ्याकडे कोणी बघत नाही. कारखान्यात मला तापवून वाकवलं, काळा रंग दिला आणि 'स्टॅबिलायझर बार' असं भारदस्त नाव ठेवलं. काम मात्र साधं. वळणावर गाडी एका बाजूला कलू लागली, की मी अंगाला पीळ देतो आणि तिला सावरतो. माझ्या दोन्ही टोकांना वीतभर लांबीचा एकेक लिंक रॉड असतो. ते माझे हातच म्हणा ना. त्यांच्या जोरावर मी चाकांना धरून असतो. ते निसटले की मी नुसतं लोखंड.

माझे मालक पियानो सुरात लावून देत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचा कान इतका तिखट, की शेजारच्या खोलीत नळ ठिबकला तरी त्यांना घास गिळवत नसे. त्यांची थोरली बहीण, ताई, मागच्या सीटवर बसे आणि घर सोडल्यापासून पोहोचेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवी. नऊ वर्षं मी या दोघांना सांभाळलं. गाडी वळणावर डगमगत नाही म्हणून मास्तर स्वतःच्याच हाताचं कौतुक करत. मला त्याचं काही वाटत नसे. खोटं कशाला बोलू, थोडं वाटे.

पुढे माझे रॉड झिजले. खड्डा आला की उजवीकडून 'कट्' असा आवाज येई. ताईला तो ऐकूही येत नसे. मास्तरांच्या मात्र तो डोक्यात जाई.

"अरे, तुझ्या गाडीपेक्षा मी जास्त वाजते," ताई म्हणाली. "मला कुठे दुरुस्तीला टाकणार आहेस?"

मास्तर गाडी घेऊन गॅरेजच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी चाकामागे हात घालून मला हलवून पाहिलं.

"लिंक रॉड गेलेत. जोडीनंच बदलायला हवेत. मागवतो, चार दिवस लागतील."

"चार दिवस मी हा आवाज ऐकणार नाही. आधी तो बंद करा," मास्तर म्हणाले.

मिस्त्री जरा घुटमळले. मग त्यांनी चौदा नंबरच्या पान्यानं दोन्ही रॉड काढून टाकले आणि माझी टोकं तारेनं बांधली. "आवाज येणार नाही. पण वळणावर जपून, आणि रॉड आले की लगेच या."

गाडी गप्प झाली. मास्तर खूश झाले आणि बाकीचं विसरून गेले. चार दिवस गेले, तीन आठवडे गेले. नवे रॉड मिस्त्रींच्या फळीवर खोक्यात येऊन पडले होते. आमची गाडी रोज त्यांच्या दारावरून जाई. मिस्त्री मान वर करून बघत, आज सांगू, उद्या सांगू म्हणत पुन्हा कामाला लागत.

एका दुपारी टेकडीच्या उतारावर, ऐन वळणात, रस्त्यावर झाडाची फांदी आडवी पडलेली होती. मास्तरांनी स्टिअरिंग झटक्यात फिरवलं. गाडी कलली. मला पीळ द्यायचा होता, पण माझ्या हाती चाकंच नव्हती. मी तारेला लटकून राहिलो आणि गाडी उलटली. ताईचं बोलणं अर्ध्या वाक्यात थांबलं. मास्तर वाचले. ताई गेली.

माझे हात जागेवर असते तर ती वाचली असती का? मला ठाऊक नाही. हाच प्रश्न मला अजून कुरतडतो. लोखंड फक्त पाण्यानंच गंजतं असं समजू नका.

गाडी दुरुस्त होऊन पुन्हा उभी राहिली. फळीवरचे तेच रॉड मला लावले, मला धरणारे रबरी बुशही नवे घातले. चाकं जमिनीला टेकवून, गाडीचा भार त्यांच्यावर आल्यावरच मिस्त्रींनी बोल्ट आवळले. मी धडधाकट झालो. आणि पहिल्याच दिवशी त्या वळणावर मास्तरांनी गाडी थांबवली.

"कट् वाजलं," ते रिकाम्या सीटकडे बघून म्हणाले.

मित्रांनो, शपथेवर सांगतो, तो आवाज माझा नव्हता.

मास्तर चार वेळा गॅरेजमध्ये गेले. बुश पुन्हा बदलले, रॉडही बदलले. चांगल्या कपड्यांत ते रस्त्यावर आडवे होत आणि मला हातानं हलवून बघत. मग तो आवाज त्यांना पियानोतही ऐकू येऊ लागला. पट्टी दाबली की ते दचकून हात मागे घेत. मास्तरांचा कान गेला, असं लोक बोलू लागले. कामं येईनाशी झाली.

पाचव्या खेपेला ते दारातच उभे राहिले. "मिस्त्री, खरं सांगा. आवाज गाडीत आहे की माझ्यात? कान गेला असेल तर मी धंदा बंद करतो."

आधीच्या चारही वेळा मिस्त्री म्हणाले होते, गाडीत काही नाही. या वेळी त्यांनी हात पुसले आणि ते पुढच्या सीटवर येऊन बसले. "चला त्या वळणावर."

वळणावर मास्तरांनी इंजिन बंद केलं.

"इथंच येतो ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो."

"मलाही ऐकू येतो. गॅरेजात बसल्या बसल्या येतो. रॉड फळीवर होते, मास्तर. तुमची गाडी रोज दिसायची. मी हाक मारली नाही."

 मास्तर हळूच म्हणाले, "बंद करा, असं मीच म्हणालो होतो."

मित्रांनो, गाडी कुरकुरली तर तिचं तोंड बांधू नका. कुठे दुखतंय ते बघा. माझे हात झिजले तर दोन्ही बदला, आणि वेळेत बदला. कोणाला हाक मारायची राहिली असेल, तर तीही आजच मारा.

मास्तरांनी गाडी सुरू केली. उतारावर मी जीव खाऊन पीळ दिला आणि त्या दोघांना अलगद वळवून नेलं. माझा एकही सांधा हलला नाही. तेवढ्यात मागच्या सीटकडून 'कट्' असं आलं. या वेळी ते मीही ऐकलं.