अँबेसिडरची नवी टाकी

ओरोसच्या आरटीओच्या मैदानात इन्स्पेक्टर साहेब पासिंगला आलेल्या गाडीच्या मागे उकिडवे बसले, डिकीखाली डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"काकू, ही गाडी तुम्ही मालवणहून चालवत आणलीत?"

"हो," प्रेमलता म्हणाली.

"टाकीतून पेट्रोल ठिबकतंय. एवढ्या उन्हात! देवाचीच कृपा म्हणायची." त्यांनी पुढे जाऊन चावी फिरवली. "आणि हा पेट्रोलचा काटा?"

"तो चालत नाही."

"कधीपासून?"

प्रेमलताला खोटं बोलणं सुचलं नाही. "एकोणीस वर्षं झाली."

साहेब हसले, पण कागदावर सही काही केली नाही. टाकी बदला, काटा चालू करा, पंधरा दिवसांत परत या, तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही आणि आता घरी टेम्पोवर घालून न्या, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. प्रेमलताला त्यांचा राग आला नाही. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मालवणला येईपर्यंत तिला स्वतःचाच राग येत राहिला.

गाडी म्हणजे चौऱ्याऐंशी सालची पांढरी अँबेसिडर. तिच्या नवऱ्याने, महादूने, ती एका रिटायर झालेल्या इंजिनियरकडून घेतली होती. रोज सकाळी मालवणच्या बंदरावर लिलाव संपला की प्रेमलता बांगडे, पेडवे, कधी सुरमई घ्यायची, टोपल्या डिकीत जायच्या आणि दोघं मसुऱ्याच्या बाजूला निघायची. मसुरे, बांदिवडे, आंगणेवाडी. तिथल्या शेतकऱ्यांच्या घरांत तिच्या माशांची वाट बघितली जायची. महादू गाडी चालवायचा, ती दारोदार जायची. दोन वर्षांपूर्वी महादूला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. त्यानंतर प्रेमलता पंचावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली आणि एकटी जाऊ लागली. महादू घरीच राहिला. लोकांनी आपला तो हात बघावा, हे त्याला नको होतं.

टेम्पोतून उतरलेली गाडी बघून महादू बाहेर आला. प्रेमलताने त्याला सगळं सांगितलं.

"टाकी कुसतलीच," तो म्हणाला. "एकोणीस वर्सां टोपल्यांचा खारां पाणी तिच्यावर गळता हा. माका आधीच कळूक व्हया होता."

मुलगा विकी गोव्यात नोकरीला. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "आये, भंगारात घाल ती गाडी. मी तुका नवी स्कूटर घेऊन देतंय." प्रेमलता म्हणाली, "स्कूटरीर तीन टोपल्यो खंय ठेवू, तुझ्या डोक्यार?" आणि फोन ठेवला.

गावातल्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी हात वर केले. एक म्हणाला, आता या गाडीचं सामान मिळत नाही. दुसरा म्हणाला, डिकीत प्लास्टिकचा कॅन ठेवा आणि त्यातून नळी काढा. ते ऐकून महादूने कपाळावर हात मारला. डावा हात.

"प्लास्टिकच्या कॅनात पेट्रोल घालून हिका मसुऱ्याक धाडू? त्याच्यापेक्षा गाडी समुद्रात सोडलेली बरी."

"मगे करतलो कोण?" प्रेमलताने विचारलं.

त्याने डिकीवरून डावा हात फिरवला. "माझे हात चलले असते तर..."

"माझे चलतत ना. तुमी बसल्या जाग्यार सांगा, मी करतंय."

दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारातच मासे विकून झाल्यावर काम सुरू झालं. महादू खुर्ची घेऊन माडाच्या सावलीत बसला. आधी बॅटरी काढायला लावली. मग उरलंसुरलं पेट्रोल नळीने कॅनमध्ये उतरवून कॅन कुंपणापलीकडे नेऊन ठेवायला लावला. शेजारचा अजय विडी ओढत बघायला आला, तर महादू त्याच्यावर असा ओरडला की झटक्यानंतर त्याचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

टाकी डिकीच्या खाली बोल्टांवर टांगलेली होती. बोल्ट कसले, गंजाचे गोळे झाले होते. प्रेमलता पोत्यावर उताणी पडून पान्याने एकेक पिळायची, डोळ्यांत गंजाची भुकटी पडायची आणि वरून महादूच्या सूचना चालू असायच्या.

"उलटो फिरव."

"उलटोच फिरवतंय."

"तुझो उलटो न्हय, बोल्टाचो उलटो."

"तुमी जरा गप रवा!"

चार बोल्ट निघाले. बाकीचे दोन जागचे हलेनात. त्यांना दोन दिवस सकाळ-संध्याकाळ रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी शेवटचा बोल्ट सोडताना पान्यावर दोन्ही हातांचं वजन टाकूनही तो जागचा हलेना, तेव्हा महादू खुर्चीतून उठला, गुडघे टेकून खाली बसला आणि डाव्या हाताने पान्याला लावलेला लांब पाइप धरला. दोघांनी मिळून जोर केला. कट्‌ असा आवाज झाला आणि बोल्ट सुटला. महादूच्या चेहऱ्यावर घाम होता. आपला उजवा हात मातीत टेकला आहे, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

टाकी उन्हात आणून गंजाचे पापुद्रे झटकले तर तळाला भोकंच भोकं उघडी पडली. चाळणीतून यावा तसा उजेड आत शिरत होता.

ती टाकी घेऊन प्रेमलता बाबलीकडे गेली. बाबली ट्रॉलरवाल्यांच्या डिझेलच्या टाक्या बनवायचा, त्याचं वेल्डिंग बंदरावर नावाजलेलं. त्याने टाकी फिरवून बघितली आणि मान हलवली.

"वयनी, ह्या टाकयेक मी वेल्डिंग लावचंय नाय. पेट्रोलची टाकी ती. आतल्या वासाक पण आग लागता. आणि भोकां बुजवूक लोखंड तरी खंय उरला हा?"

"मगे नवीन कर. अशीच्या अशी."

बाबली विचारात पडला. होड्यांच्या टाक्या चौकोनी असत, ही तर सगळीकडून वाकडी होती. पण त्याने खडू घेतला, कागद घेतला आणि मापं काढायला बसला. चौथ्या दिवशी त्याने नवी टाकी दिली. आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवी पट्टी घातलेली, शिवणी एकसारख्या. वर होड्यांना लावतात तो निळा ऑइलपेंट, दोन हात चढवलेला. खाऱ्या हवेला तो पुरून उरेल, असं बाबली म्हणाला.

काट्याचा भाग, म्हणजे टाकीत बसणारा तरंगता गोळा आणि त्याची दांडी, कोल्हापूरच्या एका जुन्या दुकानात मिळाला. एसटीच्या पार्सलने आला. टाकीत पेट्रोल चढलं की गोळा वर येतो, दांडी उचलली जाते आणि समोरच्या काट्याला वायरीतून कळतं, हे महादूने तिला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं, कारण तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"टाकयेत घालूच्या आधी बघूया," महादू म्हणाला.

बॅटरी लावली. प्रेमलताने तो भाग मागच्या उघड्या लोखंडी बंपरवर टेकवून धरला, वायर जोडली. महादू पुढे काट्यासमोर बसला आणि त्याने चावी फिरवली. तिने बोटाने गोळा हळूहळू उचलला.

"पाव!" महादू आतून ओरडला. "अर्धो! अगो, भरलो! प्रेमा, भरलो!"

तिने गोळा खाली सोडला. "आता?"

"रिकामो!"

दोघांनी हा खेळ चार वेळा केला. चौथ्या वेळेला त्याची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी टाकी चढवली. प्रेमलताने खाली जॅक लावून ती उचलली, अजयने बाजूने धरली, महादूने बोल्टांची जागा दाखवली. फ्रेम आणि टाकी यांच्यामध्ये रबराच्या पट्ट्या, काट्याच्या भागाखाली बुचाचं वॉशर, सगळं जिथल्या तिथे. कॅनमधलं पेट्रोल कापडातून गाळून ओतलं, वर आणखी आणून घातलं. दहा लिटर झालं. खाली वर्तमानपत्र पसरलं. तासाभराने बघितलं तर कागदावर एक थेंब नव्हता.

महादूने चावी फिरवली. काटा रिकाम्यावर पडून राहिला.

"हलणा नाय," तो म्हणाला.

प्रेमलताने वायर काढून पुन्हा बसवली. काटा तसाच. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. आरटीओची मुदत दोन दिवसांवर आली होती. महादू स्टीअरिंगला डोकं टेकवून बसला.

"तो भागच खराब निघालो. आता कोल्हापूरसून दुसरो मागवूचो म्हटलो तर आठवडो जातलो. सोड. आमच्यान जमाचा नाय."

 प्रेमलता डिकीच्या काठावर बसली आणि हात पुसत विचार करू लागली. काल हाच भाग चालत होता. वायर तीच, बॅटरी तीच, काटा तोच. रात्रीत बिघडायला त्याला काय झालं? काल तो उघड्या बंपरवर टेकवला होता. आज कशावर आहे? तिने वाकून बघितलं. खाली बुचाचं वॉशर. त्याखाली आणि बोल्टांभोवती निळा रंग. टाकी धरलेल्या जागी रबर.

"ओ," ती म्हणाली, "विजेक परत जाऊक वाट लागता ना?"

महादूने डोकं उचललं. "लागता. बॉडयेतसून. अर्थिंग म्हणतत तेका."

"मगे ती वाट बाबलीच्या रंगान बुजवली हा. टाकी गाडयेक लागतच नाय. नुसती रबरावर बसली हा."

महादूने चावी उपटून हातात घेतली. मग घाईघाईने म्हणाला, "चावी काढलंय मी. आधी वायर लाव, डिकी उघडीच ठेव, वारो जाऊ दे. मग मी चावी फिरवतंय."

तिने काट्याचा भाग टाकीला आवळणाऱ्या एका स्क्रूभोवतीचा रंग मासे साफ करायच्या सुरीने हलक्या हाताने खरवडला. खालून चकचकीत लोखंड निघालं. डिकीच्या पत्र्यावरही बोटभर जागा तशीच घासली. दोन्हींच्या मध्ये वायरचा एक तुकडा स्क्रूखाली घट्ट आवळला. दोनदा ओढून बघितला.

"फिरवा."

आतून काहीच आवाज आला नाही.  ती पुढे गेली. महादू काट्याकडे बोट दाखवत होता. काटा रिकाम्यापासून सुटून हळूहळू पावाच्या खुणेच्या जरा अलीकडे येऊन थांबला होता. दहा लिटर म्हणजे तेवढंच.

"तुका कसा कळला गो?" तो म्हणाला.

"काल चलला, आज नाय. मदी काय बदलला, तेवढाच बघलंय."

दोन दिवसांनी ती ओरोसला गेली. या वेळी महादू बरोबर होता. इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसला आणि कट्टा, कसाल येईपर्यंत दर पाच मिनिटांनी काट्याकडे बघत होता. तेच इन्स्पेक्टर साहेब होते. ते डिकीखाली वाकले, टॉर्च मारला, टाकीवरून हात फिरवला.

"कुठल्या गॅरेजमध्ये केलं हे काम?"

प्रेमलता सांगणार, तेवढ्यात महादू खिडकीतून म्हणाला, "साहेब, गॅरेज नाही. हिने केलंय."

साहेबांनी तिच्या हातांकडे बघितलं. नखांत अजून गंज होता. "वायर स्वतंत्र टाकलीय अर्थिंगची?"

"हो. रंगामुळे काटा चालत नव्हता," ती म्हणाली.

"आमच्याकडे नव्या गाड्या येतात ना, त्यांच्याही वायरी कधीकधी इतक्या नीट नसतात," साहेब म्हणाले आणि बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पाच वर्षांचं पासिंग.

तिथून बाहेर पडल्यावर पहिल्याच पंपावर प्रेमलता म्हणाली, "फुल्ल करा." काटा चढत गेला आणि शेवटच्या रेषेला जाऊन टेकला. महादूने पंपावरच्या पोराला बोलावून तो दाखवला. पोराला त्यात काय विशेष, ते कळलं नाही. तरी त्याने "मस्त" म्हटलं.

सोमवारी सकाळी ती बांगडे घेऊन मसुऱ्याला निघाली, तर महादू आधीच गाडीत बसलेला. तिने टोपल्या डिकीत ठेवल्या आणि गाडी सुरू केली. पहिल्या वाडीत गाडी थांबली, बायका टोपल्यांभोवती जमल्या. त्यांच्यातल्या लक्ष्मीकाकींनी दोन वर्षांनी महादूला बघून जवळ येऊन त्याचा तो उजवा हातच हातात घेतला. महादूने हात काढून घेतला नाही. तो त्यांना टाकीची गोष्ट सांगू लागला. रंग, रबर, अर्थिंग, सुरी, सगळं. पुढच्या वाडीत पुन्हा सांगितली. तिथे ती जरा लांबली. आंगणेवाडीत पोहोचेपर्यंत बोल्ट सहावरून दहावर गेले होते आणि इन्स्पेक्टर साहेबांनी प्रेमलताला जवळजवळ सलाम ठोकला होता.

दहा वाजता टोपल्या रिकाम्या झाल्या. ती गाडीत बसणार, एवढ्यात सत्यवान नावाचे एक म्हातारे शेतकरी काठी टेकत आले. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती, गोठ्याशेजारी उभी.

"बाय, आमच्या जीपयेचो काटो पण कधीचो पडलो हा," ते म्हणाले. "बघशीत?"

प्रेमलताने महादूकडे बघितलं. तो हसत होता.

"बुधवारी येतंय," ती म्हणाली. "पेट्रोल काढून ठेवा आणि बॅटरी सोडून ठेवा. आणि त्या दिवशी विडी कोणी ओढूची नाय."