कुशाबाईचा शुक्रवार

नरसिंहपूरच्या वर नीरेत एक खोल डोह आहे. मोठा मासा असतो तो तिथंच, बाकी नदीत नुसती चिल्लीपिल्ली. आम्हा भोयांच्या सात घरांनी त्या डोहाचे सात वार वाटून घेतले होते. शुक्रवार भिमाचा. सन पस्तीसच्या हिवाळ्यात भिमा तापानं गेला, आणि त्याच्या बाराव्याचं जेवण पचायच्या आत त्याच्या सख्ख्या भावाला, रावजीला, शुक्रवारची काळजी लागली.

जमातीत एक जुना कायदा होता. कर्ता माणूस गेलेल्या घरानं वार राखायचा असेल, तर घरातल्या कुणीतरी कमरेइतका मासा एकट्यानं डोहातून काढून वाळूवर टाकायचा. वाळूवर यायच्या आत त्याला दुसऱ्याचा हात लागला, तर वार जमातीचा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं मिसरूड फुटलेले मुलगे असणार. भिमाच्या बायकोला, कुशाबाईला, दोन मुलीच होत्या. वार गेला की तिनं कळसला दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायचं, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. आमचे म्होरके रामहरी तात्या यांनी तिला चार शुक्रवारांची मुदत दिली. दिली म्हणजे उपकारच केले म्हणायचे.

आमची नाव म्हणजे काहील, गूळ आटवायची पसरट कढई. त्या भागात साखरेचा कारखाना निघाला, गुऱ्हाळं बंद पडू लागली, आणि जुन्या काहिली आमच्याकडं आल्या. एका माणसापुरती ती बरी, पण फार लहरी. जरा कलली की पाणी आत. जिवंत मोठा मासा तिच्यात ओढून घ्यायला जाणारा माणूस मूर्ख, आणि असे दोन मूर्ख माझ्या डोळ्यांदेखत बुडाले आहेत.

तीन शुक्रवार कोरडे गेले. चौथ्या शुक्रवारी उन्हं तापल्यावर तिच्या गळाला खवल्या मासा लागला, चांगला कमरेइतका. मी उथळात जाळं धूत उभा होतो. रावजी काठावर विडी ओढत बसला होता. चारही शुक्रवार तो तिथंच बसलेला होता, जसा काही डोहाचा राखणदार.

माशानं काहिलीला दोन गरके दिले. कुशाबाई उठली नाही, की ओरडली नाही. फतकल मारून तळाशी बसली आणि दोर हाताला न गुंडाळता बोटांतून सोडत राहिली. मासा नेईल तिकडं ती गेली. एकदा कड बुडाली, पाणी आत आलं, तर एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं ती तांब्यानं पाणी उपसत होती. भिमाला हे इतकं नीट जमत नव्हतं. मी त्याचा मित्र, म्हणून सांगतो.

पुष्कळ वेळानं मासा दमून आडवा झाला. तिनं त्याला आत घेतला नाही. कल्ल्यातून दावं ओवून तोंडातून काढलं, काहिलीच्या कडीला बांधलं आणि वल्हं मारत हळूहळू उथळाकडं आली. गुडघाभर पाण्यात उतरून दावं सोडलं आणि मासा ओढू लागली. वाळू दहा पावलांवर होती. मला आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला.

तेवढ्यात रावजी विडी टाकून पाण्यात शिरला.

"दमला असाल वयनी. द्या हिकडं."

"हात लावू नका, भावजी."

तिचं बोलणं संपायच्या आत त्यानं शेपटी धरली होती. मग लगेच सोडलीही. हसून म्हणाला, "चुकून झालं. मदत करावी वाटली."

संध्याकाळी सगळे मारुतीच्या पारावर जमले. तात्यांनी मला विचारलं, "सावळाराम, तू जवळ हुतास. पाण्यात असताना माशाला दुसऱ्याचा हात लागला का न्हाय?"

"लागला," मी म्हणालो.

कुशाबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "म्या नगं म्हनलं हुतं, ते बी सांगा की भावजी."

तात्या मला म्हणाले, "इचारलं तेवढंच सांग."

मी तेवढंच सांगितलं. खोटं एक अक्षर बोललो नाही, आणि आयुष्यात इतका नीच कधी झालो नाही.

माशाचे सात वाटे झाले. कुशाबाईनं आपला वाटा पदरात घेतला, कारण घरी पोरी उपाशी होत्या. शुक्रवार रावजीला एकट्याला दिला तर बरं दिसणार नाही, असं तात्यांचं मत पडलं. म्हणून एकाआड एक शुक्रवार मला मिळाला. मी नको म्हणालो नाही.

कुशाबाई मुलींना घेऊन कळसला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा पहिला शुक्रवार होता. दोन चांगले मासे मिळाले. बायकोनं कालवण केलं, आणि मी पोटभर जेवलो.