ढगळ बुटांची तक्रार

अख्खा बाजार त्यांना मापकाका म्हणायचा, आणि काकांना त्याचा काय तो तोरा! चाळीस वर्षं बूट शिवले, पण माप चुकलं म्हणून एक गिऱ्हाईक परत आलं असेल तर शपथ. सकाळी माप द्यायला आलेल्याला ते सरळ परत धाडायचे. दिवसभर चालून पाय जरासा फुगतो, तेव्हाच त्याचं खरं माप मिळतं, असं वडिलांनी त्यांना शिकवलेलं. संध्याकाळी गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवायचा, पेन्सिल उभी धरून कडेकडेनं रेघ ओढायची, फीत गुंडाळून घेर घ्यायचा. एकदा कागदावर उतरलं की ब्रह्मदेव खाली आला तरी काका रेघ बदलणार नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक भिंगरी. चालायला लागल्यापासून एका जागी टिकली नाही म्हणून घरात हे नाव पडलं. मधली काही वर्षं मात्र बिचारीला बसावं लागलं होतं. सातव्या वर्षी तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. अंगातली प्रथिनं लघवीवाटे वाहून जायची आणि पोर सुजायची. औषधानं बरी व्हायची, की चार महिन्यांनी दुखणं पुन्हा उलटायचं. अठराव्या वर्षी ते जे थांबलं, ते गेली सात वर्षं हूं की चूं नाही. आता तिला टपाल वाटायची नोकरी लागली होती. दिवसभर पायी भटकायचं आणि वर पगार मिळवायचा, म्हणजे बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. एक तारखेला डॉक्टरांचा दाखला घेऊन हजर व्हायचं होतं. नाही जमलं तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

काका म्हणाले, घरोघर हिंडणार, शंभर जणांच्या शिंका झेलणार, तर आधी फ्लूची लस घे. ती आज-उद्या करत बसली, तेव्हा काका स्वतः हाताला धरून घेऊन गेले. त्यानंतर आठवड्याभरानं एका संध्याकाळी त्यांनी कामावरच्या बुटांसाठी तिचा पाय तिच्या जुन्या मापाच्या कागदावर घेतला. नवी रेघ जुन्या रेघेच्या चांगली करंगळीभर बाहेर गेली. भिंगरी म्हणाली, बाबा, काहीतरी चुकतंय. काका म्हणाले, चुकला असेल तर तुझा पाय, माझी फीत नाही. आणि त्याच तोऱ्यात चामडं कापून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी भिंगरी चहाला आली ती सुजलेल्या पापण्या घेऊन. काकांच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. चांगलं चामडं अंगठा उचलला की वर येतं. इथे खड्डा पडला, तो पडूनच राहिला. काल हाच पाय त्यांच्या हातात होता, आणि त्यांना दिसली ती फक्त फीत. काकांना स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. भिंगरीची आई, म्हणजे काकू, तडक औषधांच्या दुकानात गेल्या आणि लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी घेऊन आल्या. पट्टी पिवळी राहिली तर सगळं ठीक, हिरवी झाली तर प्रथिनं चालली. ती गर्द हिरवी झाली.

डॉक्टरीणबाई भिंगरीला लहानपणापासून ओळखत होत्या. काका तिला त्यांच्याकडे घेऊन गेले.

"लस मीच घ्यायला लावली तिला," काका म्हणाले. "हे माझ्यामुळे झालं का?"

"लशीमुळे असेल, नसेलही. क्वचित कुणाला होतं असं," बाई म्हणाल्या. "पण फ्लू झाला असता तरी हे उलटू शकलं असतं, आणि तो ताप वर सोसावा लागला असता. लस घ्यायला लावलीत ते बरोबरच. आणि लवकर आलात, हे त्याहून बरं."

जुन्याच गोळ्या पुन्हा चालू झाल्या. मीठ बंद, रोज सकाळी पट्टी. ओळीनं तीन दिवस पिवळी आली की दाखला देईन, म्हणाल्या. पुढच्या लशीच्या आधी मला विचारायला या, आणि नंतर काही दिवस पट्टी बघत राहा, हेही बजावलं. एक तारखेला बावीस दिवस उरले होते.

मग त्या घरात जे सुरू झालं ते विचारू नका. एकटीला अळणी कशाला, म्हणून काकूंनी तिघांचंही मीठ तोडलं. गोळ्यांनी भिंगरीला अशी भूक लागायची की आईच्या ताटातलं आधी संपायचं. आणि रोज सकाळी खिडकीशी पट्टीवरून भांडण. काकू म्हणायच्या फिकट आहे, भिंगरी म्हणायची कालच्यासारखीच. काका चष्मा कपाळावर चढवून निकाल द्यायचे. जन्मभर चामड्याला रंग दिला होता, त्यांच्या नजरेशी कोण वाद घालणार? रात्रीची झोप मात्र उडाली होती त्यांची.

अशातच त्यांनी बूट पुरे करायला घेतले, तेही त्या सुजलेल्या मापानंच. काकूंनी विचारलं, सूज उतरली तर? काका म्हणाले, नाही उतरली तर पोरीनं काय अनवाणी जायचं?

सतराव्या दिवशी पट्टी पिवळी आली. अठराव्या दिवशी पिवळी. एकोणिसाव्या दिवशी पट्टीकडे बघायची कुणाची छाती होईना. शेवटी काकूंनीच बघितली आणि मटकन खाली बसून हसायला लागल्या. संध्याकाळी दाखला हातात पडला. भिंगरीनं नवे बूट पायात घातले, दोन पावलं टाकली, आणि उजवा बूट मागेच राहिला. डावा तिसऱ्या पावलाला निघाला. तिघंही पोट धरून हसले, आणि हसता हसता काका ढसाढसा रडले. नवे शिवायला वेळ कुठे होता? एक तारखेला भिंगरी जाड मोज्यांचे तीन जोड चढवून, फटाक फटाक करत कामावर गेली.

पाचव्या दिवशी सकाळी ती टपालाची पिशवी खांद्याला लावून दुकानाच्या दारात उभी. चेहऱ्यावर ओळख नाही. सहीचं पत्र आहे, म्हणाली. काकांनी सही करून पाकीट फोडलं.

"महोदय, आपण शिवलेले बूट मला फार मोठे होतात. चालताना निघून पडतात. तरी कृपया माझं माप पुन्हा घ्यावं. आपली एक गिऱ्हाईक."

चाळीस वर्षांतली पहिली तक्रार! काकांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"संध्याकाळी या," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "सकाळी मी माप घेत नाही."

संध्याकाळी ती आली, दिवसभर रस्ते तुडवून. काकांनी तिचा जुना कागद काढला आणि पाय त्यावरच ठेवला. या वेळी आधी अंगठा दाबला. उचलल्याबरोबर कातडी वर आली. मग पेन्सिल उभी धरून त्यांनी हळूहळू रेघ ओढली. टाचेपासून करंगळीपर्यंत, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत ती जुन्या रेघेवरूनच गेली, केसभरही बाहेर नाही.

"चूक माझीच होती," काका म्हणाले.

काकू स्टुलावर बसून बघत होत्या. हे वाक्य त्यांनी लग्नापासून ऐकलं नव्हतं. त्यांनी ते काकांना पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणायला लावलं, आणि काकांनी ते आनंदानं म्हटलं.