थोरलीचा ठसा

संशोधन संस्थेने समुद्राच्या तळाशी केबल टाकली ती भूकंप आणि देवमासे ऐकायला. केबलवर ठिकठिकाणी माइक होते. देवमासे क्वचितच बोलायचे. बोटींची इंजिनं मात्र दिवसरात्र घरघरत. संस्थेला ती कटकट वाटे. धाकट्याला त्यात धंदा दिसला.

घरातल्या दोन भावांतला हा दुसरा. दादा मासेमारीची बोट चालवायचा. याला बोटीत पाय ठेवला की मळमळायचं, म्हणून हा किनाऱ्यावर इलेक्ट्रॉनिक्स शिकला. त्याचं म्हणणं साधं होतं. जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं माणूस ओळखू येतं, तसं इंजिनावरून बोट ओळखू येते. भरलेल्या बोटीचा आवाज जड होतो. म्हणजे कोणती बोट किती माल घेऊन येते आहे, हे ती दिसायच्या आधीच मासळीच्या लिलावाच्या हॉलमधल्या फलकावर दाखवता येईल, आणि ते कळावं म्हणून व्यापारी वर्गणी देतील. त्यांनी ती दिली. संस्थेने आवाज पुरवायचं कबूल केलं, एका अटीवर: चुकीची खबर गेली तर लाइन बंद.

ऑफिस बर्फाच्या कारखान्याच्या वर होतं. फरशी बाराही महिने गार. दोन स्क्रीन, एक हेडफोन, धक्क्याकडे उघडणारी खिडकी. तिथे दादाची बायको, वहिनी, सुरुवातीपासून काम करत होती. नवी बोट आली की ती धक्क्याला उभी करून इंजिन रिकाम्यानं चालवायचं, मग भरल्यावर, आणि त्या आवाजाचा ठसा मशीनमध्ये ठेवायचा, हे तिचं काम. पहिला ठसा तिने दादाच्याच बोटीचा घेतला होता. बोट लग्नाआधीची, सासूबाई म्हणायच्या, "ही थोरली सून, तू धाकटी." तेव्हापासून घरात बोटीचं नाव थोरली.

गेल्या वर्षी थोरली गेली. समुद्र शांत असताना, दादासकट पाच माणसांना घेऊन. फळीही सापडली नाही. बुडालेल्या बोटीचा ठसा मशीनमधून काढून टाकायचा असतो. तो धाकट्याने काढला असेल असं वहिनीला वाटलं. वहिनीने काढला असेल असं धाकट्याला. एकमेकांना विचारायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

एका दुपारी हॉलमधल्या फलकावर अक्षरं उमटली: थोरली. येत आहे. भरलेली.

लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. खालच्या कारखान्याचा मालक, ज्याला सगळे बर्फवाला म्हणत, धापा टाकत जिना चढून आला.

"काय रे, तुझ्या मशीनला भलत्या वेळी चढली की काय? खाली दोघांनी टोप्या काढल्या!"

"चूक आहे, काका. बघतो."

"लवकर बघ. भरलेली बोट येते म्हणून काढलेला माझा बर्फ वितळतोय तुझ्या चुकीपायी."

दुसऱ्या दिवशी तीच अक्षरं, आता किनाऱ्याला आणखी जवळच्या माइकवरून. धाकट्याने शोध घेतला. कुणीतरी बुडालेल्या बोटीचं इंजिन वर काढून दुसऱ्या बोटीत बसवलं असणार, असं त्याने वहिनीला सांगितलं. तिने हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर चढवला.

"खडकाला वळसा घालून आला की तुमचा दादा इंजिन दोनदा हलकं करायचा. ऐका."

घरघर आली. जड, दमलेली. मग ती दोनदा हलकी झाली.

"इंजिन चोरता येतं, भाऊजी," वहिनी म्हणाली. "हात कसा चोरणार?"

संस्थेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा त्याने आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे वहिनीलाही ऐकू आलं. बाई नेहमी भराभर बोलत. आज शब्द तोलून बोलत होत्या.

"वर काहीही नाहीये. रडारवर पाणी मोकळं आहे. आवाज तळावरून येतोय."

"आणि भार?" धाकट्याने विचारलं. "मशीन दाखवतंय तेवढा भार घेऊन कुठलीच बोट तरंगणार नाही."

"तरंगते आहे असं कोण म्हणतंय?" बाई थोडं थांबल्या. "हे बघा, उद्या फलकावर ते नाव पुन्हा आलं तर मला लाइन तोडावी लागेल. ठसा काढा."

फोन ठेवल्यावर धाकटा म्हणाला, "वहिनी, काढूया. लाइन गेली तर दुकान गेलं. तुमचंही, माझंही."

"काढला तर आवाज बंद होईल?"

"नाही. नाव जाईल. तिथे 'अनोळखी' दिसेल."

"मग राहू दे." तिने टेबलावरचा कप उगाच पुसला. "एवढ्या लांबून माणूस घरी येतोय आणि दारात आल्यावर त्याला अनोळखी म्हणायचं? धक्क्याला लागू दे. मग मी माझ्या हाताने काढते."

त्या दिवशी तरी धाकट्याने ठसा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख होतं. लिलाव आटोपला होता, धक्का धुऊन काढत होते. शेवटचा माइक धक्क्याच्या खांबालाच बांधलेला. त्यात घरघर आली तशी वहिनी उठली, चपला घातल्या आणि जिना उतरली.

धाकटा हेडफोन लावून खिडकीशी उभा राहिला. ती नेहमीच्या खुंट्यापाशी थांबली. दादा दोर फेकायचा, ती झेलायची. समोर नुसतं पाणी होतं, आरपार दिसणारं.

धक्क्याच्या कडेला जुने टायर टांगलेले होते. त्यांतला पहिला दबला. मग दुसरा. मग तिसरा. पाण्यावर तरंग नव्हता. वहिनीने दोन्ही हात पुढे केले, काहीतरी झेललं, खाली वाकली आणि खुंट्याभोवती गाठ मारल्यासारखे हात फिरवले. खुंटा करकरला. बर्फवाल्याच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला.

हेडफोनमध्ये इंजिन बंद झालं.

स्क्रीनवर आलं: धक्क्याला. खाली भाराचा आकडा होता. तो उतरू लागला, थोडा थोडा, प्रत्येक वेळी जवळजवळ सारखाच, एका माणसाच्या वजनाइतका.

पाचव्यांदा उतरल्यावर धाकट्याने श्वास सोडला. आकडा थांबला नाही.

खाली धक्का धुणारे, काही न कळता, दोन्ही बाजूंना सरकून उभे राहिले होते. मध्ये वाट मोकळी. वहिनी त्या वाटेने घराकडे निघाली होती, हळू, शेजारी कुणीतरी थकलेलं चालत असावं अशी. ठसा काढायचं ती विसरली होती.

धाकट्याचं बोट ठसा काढायच्या बटणावर होतं. फोन वाजला.

"नाव अजून दिसतंय," बाई म्हणाल्या. "काढला नाहीत?"

त्याने आकड्याकडे पाहिलं. तो अजून खूप मोठा होता. थोरलीवर एवढी माणसं कधीच नव्हती.

"थांबा जरा, बाई," तो म्हणाला. "अजून उतरतायत."

आकडा आणखी एकदा उतरला. तो बाईंच्याही स्क्रीनवर असणार.

लाइन कुणी तोडली नाही.